राजाच्या तोंडी चारशे तेरा लिटर

“धरण फुटणार नाही,” पाटणकर साहेब म्हणाले आणि त्यांनी डोक्यावरचा पुठ्ठ्याचा मुकुट काढून टेबलावर ठेवला.

तालीम थांबली. दोन सैनिकांनी भाले भिंतीला टेकवले आणि चहाच्या किटलीकडे बघितलं.

“साहेब, संहितेत फुटतं,” कुलथे म्हणाले. कुलथे आमच्या विभागाचे मुख्य आरेखक. नकाशे तेच काढत, म्हणून नाटकही तेच बसवत.

“मग संहितेत दुरुस्ती करा.”

“करता येत नाही. परिनिरीक्षण मंडळाचा शिक्का आहे. स्पर्धेला त्यांचा माणूस शिक्क्याची प्रत घेऊन पुढे बसतो. एक ओळ इकडची तिकडे झाली की संघ बाद.”

“कुलथे, आपलं खातं कोणतं?”

“पाटबंधारे, साहेब.”

“पहिल्या रांगेत कोण बसणार आहे?”

“मुख्य अभियंता साहेब.”

“आणि त्यांच्यासमोर पाटबंधारे खात्याचा कार्यकारी अभियंता स्वतः बांधलेली भिंत फोडून घेणार?”

हे तिसऱ्या तालमीत घडलं. तोपर्यंत नाटकाचा शेवट कुणी वाचलाच नव्हता. स्पर्धेचा अर्ज भरायच्या दिवशी आमच्याकडे शिक्का असलेली एकच संहिता होती, म्हणून ती निवडली गेली. कुणा निवृत्त शिक्षकांनी जुन्या ग्रीक शोकान्तिकांच्या धर्तीवर लिहिलेलं नाटक. सुमेध राजाच्या जन्माच्या वेळी भाकीत होतं की हे नगर राजाच्याच हातून बुडेल. ते खोटं पाडायला राजा नदीवर मोठी भिंत घालतो. एक आंधळा द्रष्टा त्याला सांगतो, ही भिंतच तुझा शाप आहे. राजा त्याला हाकलतो. भिंत फुटते, नगर बुडतं.

शेवटी मार्ग काढला तो हेडक्लार्क शिंत्रे भाऊसाहेबांनी. त्यांनी संहिता चष्म्याजवळ नेऊन पानं उलटली आणि म्हणाले, “साहेब, यात ‘धरण’ असा शब्दच नाही. सगळीकडे ‘भिंत’ किंवा ‘बांध’ आहे. बांध आपल्याकडे येत नाही. दुसऱ्या खात्याचा विषय आहे तो.”

साहेबांनी थोडा विचार केला.

“मग फुटू दे,” ते म्हणाले आणि मुकुट परत डोक्यावर चढवला.

मी हे सगळं विंगेतल्या लोखंडी खुर्चीवरून पाहत होते. मी वसुधा रेंदाळकर, पदार्थविज्ञानाची एमएस्सी, वय चोवीस, तांबोळे धरणावर प्रयोगशाळा सहायक. नोकरीला सात महिने झाले होते आणि परिवीक्षा काळाचे पाच उरले होते. नाटकात मी प्रॉम्प्टर होते.

पात्रयोजना वेतनश्रेणीप्रमाणे झाली होती. कार्यकारी अभियंता राजा, उपअभियंता प्रधान, शाखा अभियंता मुजावर आंधळा द्रष्टा. मुजावरांना खरं तर सैनिक व्हायचं होतं, कारण सैनिकांना संवाद नव्हते. पण शाखा अभियंत्याला भाला देणं वर्ग चारच्या कर्मचाऱ्यांना खटकलं असतं. राणीचं काम टंकलेखक हजारेबाईंकडे गेलं. मला विचारलं नाही, कारण मी परिवीक्षेवर होते, आणि राणी कायम असावी असं शिंत्र्यांचं मत पडलं.

साहेबांना पाठांतर आवडत नसे. पाठांतर हे कारकुनाचं काम, असं ते म्हणत. पहिल्या अंकातल्या दोन ओळी सोडल्या तर त्यांना नाटकातलं काहीही येत नव्हतं. मी विंगेतून वाक्य सांगायचं आणि त्यांनी ते भरदार आवाजात म्हणायचं. त्यांचा आवाज खरोखर चांगला होता. ऐकलेलं वाक्य ते असं म्हणत की जणू ते त्यांना आत्ताच सुचलं आहे. फक्त कान आणि तोंड यांच्यामध्ये त्यांच्याकडे काही अडथळा नव्हता. एका तालमीत मी खोकले तर राजा खोकला. दुसऱ्या तालमीत मी हळूच म्हटलं, “साहेब, डावीकडे,” आणि राजा राणीचा हात हातात घेऊन म्हणाला, “साहेब, डावीकडे!” हजारेबाई डावीकडे गेल्या.

मला तेव्हा याचं हसू येई. सुरुवातीची स्थिती आणि नियम माहीत असले की पुढचं सगळं काढता येतं, हे मी पाच वर्षं शिकले होते. साहेब त्याचं मी पाहिलेलं सर्वांत शुद्ध उदाहरण होते.

त्या तिसऱ्या तालमीच्याच दिवशी, सात ऑक्टोबरला, सकाळी खाचेतलं पाणी दहा सेंटिमीटर भरलं होतं.

हे नीट सांगायला हवं. आमचं धरण दगडी. त्याच्या पोटातून एक बोगदा जातो, त्याला आम्ही गॅलरी म्हणायचो. भिंतीतून झिरपणारं पाणी गॅलरीतल्या नाळीत गोळा होतं आणि एका पत्र्याच्या त्रिकोणी खाचेतून बाहेर पडतं. खाचेत पाणी किती उंच आहे ते मोजलं की मिनिटाला किती लिटर गळतंय ते कळतं. रोज सकाळी साडेआठला मी आणि चौकीदार धोंडू कोकरे बॅटरी घेऊन शहाण्णव पायऱ्या उतरायचो. कोकरे बॅटरी धरायचे, मी मोजायचे. सात महिने आकडा आठ सेंटिमीटरच्या आसपास होता. म्हणजे मिनिटाला दीडशे लिटर. दगडी धरण थोडं झिरपतंच. आमची मर्यादा दोनशेची होती.

दहा सेंटिमीटर म्हणजे दोनशे साठ.

“तलावाची पातळी वाढली का, कोकरे?”

“न्हाई ताई. वरची पट्टी काल हुती तितंच हाय.”

मी तीनदा मोजलं. नंतर कागद तयार केला आणि तो घेऊन साहेबांकडे गेले.

साहेबांच्या टेबलावर काचेखाली तीन देवांचे फोटो आणि एक कुंडली होती. त्यांनी माझा कागद पाहिला. हातात घेतला नाही. लाकडी पट्टीच्या टोकाने तो हळूहळू माझ्याकडे परत सरकवला.

“हा पाण्याचा कागद आहे,” ते म्हणाले.

“हो साहेब. गळतीचा.”

“कार्तिकी पौर्णिमेपर्यंत मी पाण्याच्या कागदावर सही करत नाही. गुरुजींनी सांगितलंय. पाण्यापासून घात आहे मला या वर्षी.”

“साहेब, आपल्या खात्यातले सगळेच कागद पाण्याचे असतात.”

“म्हणूनच बघा किती पडून आहेत.” त्यांनी खरोखरच कोपऱ्यातल्या ढिगाकडे बोट दाखवलं. “मिस रेंदाळकर, मी पोहणं सोडलं. आंघोळीला बादली घेतो, शॉवर नाही. पिण्याचं पाणी उकळून. इतकं केल्यावर एका सहीसाठी सगळं घालवू?”

“पण दोन सेंटिमीटर वाढलंय.”

“दोन सेंटिमीटर!” त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यात तेवढी जागा धरून माझ्याकडे बघितलं.

“उंची दोन सेंटिमीटर वाढली की पाणी पावणेदोन पट होतं साहेब. अडीचाव्या घाताचं सूत्र आहे.”

“घात!” साहेब म्हणाले. “गुरुजी तेच म्हणाले.”

नोव्हेंबरात पदोन्नती समितीची बैठक होती, हे मला नंतर शिंत्र्यांकडून कळलं. त्या बैठकीच्या फॉर्ममध्ये ‘प्रकल्पाची स्थिती’ असा एक रकाना असतो. तिथे ‘समाधानकारक’ लिहिलेलं आधीच टाइप होऊन आलं होतं.

कागद शिंत्र्यांकडे नेला. मी वर थेट लिहिणं म्हणजे गैरवर्तन होतं. माझा कागद ‘योग्य मार्गाने’ जायला हवा होता, आणि योग्य मार्ग साहेबांच्या टेबलावरून जात होता.

“भाऊसाहेब, नुसता आवक नोंदवहीत तरी घ्या.”

“बाई, मी नोंदवला तर साहेबांनी पाहिला असं होतं.”

“त्यांनी पाहिलाच आहे.”

“त्यांनी पट्टीने सरकवला म्हणालात ना? मग पाहिला कुठं? न पाहिलेला कागद मी कसा नोंदवू?” त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. “तुमची पाच महिन्यांनी कायम व्हायची शिफारस याच टेबलावरून जायची आहे, हे लक्षात ठेवा. चांगल्या मुलीला सांगतोय.”

मी आमच्या विभागावरच्या मंडळ कार्यालयाला फोनही लावून पाहिला. आमच्या एक्स्चेंजवरच्या ऑपरेटरने नियमाप्रमाणे आधी साहेबांच्या पीएला विचारलं, आणि फोन लागला नाही.

नऊ तारखेला अकरा सेंटिमीटर. बारा तारखेला साडेअकरा. पंधरा तारखेला कोकऱ्यांनी बॅटरी नाळीवर धरली आणि तशीच धरून ठेवली.

“ताई, पानी लालसर येतंय बगा.”

मी काचेच्या बाटलीत नमुना घेतला. तासाभराने बाटलीच्या तळाशी तीन मिलिमीटर गाळ बसला होता. पाणी नुसतं झिरपत असेल तर ते स्वच्छ असतं. गढूळ पाणी म्हणजे ते येताना भिंतीतलं काहीतरी घेऊन येतंय.

धरणाच्या खाली, नदीच्या वळणावर, त्रेचाळीस घरांची वस्ती होती. धरण बांधायला आलेले आणि मग परत न गेलेले लोक. कोकरे तिथेच राहत. बायको, मुलगा, सून आणि दीड वर्षाची नात.

“तुम्ही वस्तीत सांगितलं का?” मी पायऱ्या चढताना विचारलं.

“सांगितलं की. म्हातारी मानसं म्हनली, ह्ये धरान आपुनच बांदलंय. आपल्यावर कसं पडंल?”

“आणि तरुण?”

“ती म्हनली, तक्रार केली तर सायेब इचारंल, तुमी ह्या जागंवर ऱ्हाताय कुनाच्या परवानगीनं. धरान पडंल का न्हाई ठावं न्हाई. घर मातुर त्याच दिशी पडंल.” ते थांबले, दम घेतला. “सुनंला म्हाएरला जा म्हनलं. ती म्हनती, सासऱ्याचं नाटक बगून जाती.”

कोकरे नाटकात दुसरे सैनिक होते.

सोळा तारखेला रविवार होता. दुपारी दोनच्या बसने आम्ही जिल्ह्याच्या गावी स्पर्धेला जाणार होतो. सकाळी मी मोजलं. बारा सेंटिमीटर. आकडेमोड करून नोंदवहीत लिहिलं, मिनिटाला चारशे तेरा लिटर, गढूळ. आठ सेंटिमीटरवर होतं त्याच्या पावणेतीन पट. तलावाची पातळी तीच.

माझी प्रॉम्प्टिंगची प्रतही तशाच एका नोंदवहीत होती. संहितेची एकच प्रत होती, म्हणून मी ती हाताने उतरवून घेतली, आणि ऑफिसात कोरा कागद मागितल्यावर भांडारातून मला ‘गळती नोंदवही’च मिळाली. दोन्हींना तोच तपकिरी पुठ्ठा. त्या दिवशी दोन्ही माझ्या पिशवीत होत्या. का, ते मला सांगता येणार नाही. मी बसमध्ये काही ठरवलं नव्हतं, एवढं मात्र मी अचूक सांगू शकते.

नाट्यगृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत मधोमध मुख्य अभियंता, सफारीतले, पाय लांब करून. त्यांच्या शेजारी तीन परीक्षक. टोकाला एक बारीक गृहस्थ, मांडीवर शिक्क्याची संहिता आणि हातात तांबडी पेन्सिल. प्रत्येक संवादाला त्यांची पेन्सिल एक ओळ खाली सरकत होती. आमच्या आधीच्या संघाचा नायक ‘परंतु’च्या जागी ‘पण’ म्हणाला, तेव्हा त्यांनी कागदावर काहीतरी टिपलं होतं.

पहिला अंक बरा झाला. मी बोलत होते, राजा बोलत होता. आमच्यात अर्ध्या सेकंदाचं अंतर होतं. दुसऱ्या अंकात द्रष्टा येतो. मुजावर डोळे मिटून, काठी टेकत आले आणि त्यांची तीन वाक्यं एका श्वासात म्हणून मोकळे झाले. “राजा, तू दैवापासून पळत नाहीस. तू दैवाकडे पळतो आहेस. ही भिंतच तुझा शाप आहे.”

आता राजाचं मोठं भाषण होतं. राजा नगरजनांकडे वळतो आणि आपलं निर्दोषत्व सांगतो. साहेब प्रेक्षकांकडे वळले, हात पसरले.

“नगरजनहो,” मी सांगितलं.

“नगरजनहो!” साहेब गरजले.

“मी तुमच्यापासून काय लपवलं?”

“मी तुमच्यापासून काय लपवलं?”

पुढची ओळ होती, ‘माझे हात गंगेसारखे निर्मळ आहेत.’ साहेब हात पसरून थांबले होते. त्यांच्या मागे कोकरे भाला धरून उभे होते. मी पिशवीतली दुसरी वही काढली नाही. काढायची गरज नव्हती.

“भिंतीतून पाणी येत आहे,” मी म्हटलं.

“भिंतीतून पाणी येत आहे!” साहेबांनी मूठ आवळली. तो हावभाव तालमीत कधी नव्हता. फार चांगला होता.

“नऊ दिवसांपूर्वी मिनिटाला दोनशे साठ लिटर होतं.”

“नऊ दिवसांपूर्वी मिनिटाला दोनशे साठ लिटर होतं!”

“आज चारशे तेरा लिटर आहे.”

“आज! चारशे तेरा लिटर आहे!”

मुजावरांनी डोळे उघडले. आंधळा द्रष्टा भर रंगमंचावर विंगेकडे टक लावून बघू लागला.

“आणि ते गढूळ आहे.”

“आणि ते... गढूळ आहे.” साहेबांचा आवाज खाली आला.

“मला हे नऊ दिवसांपासून माहीत आहे.”

“मला हे नऊ दिवसांपासून माहीत आहे.”

“मी सही केली नाही.”

“मी सही केली नाही,” राजा म्हणाला.

मग त्यांनी मान वळवून विंगेकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. ते मला स्पष्ट दिसलं, कारण आमच्यात सहा फुटांचं अंतर होतं. त्या क्षणी ते काहीही म्हणू शकले असते. पडदा पाडा, म्हणाले असते. ही मुलगी खोटं बोलते, म्हणाले असते. तोंड त्यांचं होतं. मी गप्प राहून वाट पाहिली. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्यांचे ओठ हलले. डोळे माझ्या वहीकडे गेले. ते पुढच्या वाक्याची वाट बघत होते.

“माझे हात गंगेसारखे निर्मळ आहेत,” मी सांगितलं.

“माझे हात गंगेसारखे निर्मळ आहेत!” साहेब म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मुख्य अभियंताही टाळ्या वाजवत होते. प्रयोग संपल्यावर ते रंगपटात आले. “पाटणकर, धाडसी! जुन्या नाटकात आजचं वास्तव आणलंत. ते आकडे वगैरे. अगदी खरे वाटले.”

“आपलं मार्गदर्शन, सर,” साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा रंगाखाली कसा होता ते दिसत नव्हतं.

मी पुढे झाले. “सर, ते आकडे खरेच आहेत. आमच्या गॅलरीतले.”

“तसंच हवं,” मुख्य अभियंता म्हणाले. “कलावंताने अभ्यास करून लिहिलं पाहिजे.” आणि ते गाडीकडे गेले.

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. वाकड्या झालेल्या भाल्याला सरळ करत कोकरे मागच्या बाकावर होते. मी केलं ते फुकट गेलं होतं, आणि माझी नोकरीही गेल्यात जमा होती. सोमवारी आणि मंगळवारी साहेब रजेवर होते. मी मोजत राहिले. साडेबारा सेंटिमीटर.

बुधवारी दुपारी धरणावर एक अनोळखी जीप आली. तिघं उतरले, गमबूट घातलेले. धरण सुरक्षा कक्ष. त्यांनी नाटकाबद्दल काही विचारलं नाही. “गॅलरीची किल्ली,” एवढंच म्हणाले.

घडलं होतं ते असं. तांबड्या पेन्सिलवाल्या गृहस्थांनी आपला अहवाल दिला होता. संघ बाद, कारण दुसऱ्या अंकात सहा वाक्यं संहितेबाहेरची. नियमाप्रमाणे ती सहाही वाक्यं शब्दशः उतरवली होती आणि एक प्रत मुख्य अभियंत्यांच्या कार्यालयाला पाठवली होती. तिथल्या आवक कारकुनाने वर ‘तांबोळे’ वाचलं, खाली ‘भिंतीतून पाणी’ आणि ‘४१३ लिटर’ वाचलं, आणि विषय बघून कागद सुरक्षा कक्षाकडे टाकला. मधलं ‘राजा सुमेध (प्रकट)’ त्याने वाचलं नाही. कक्षाचा नियम असा की मर्यादेबाहेरची गळती लेखी आली की बहात्तर तासांत पाहणी करायची. लेखी कुणी दिली, याचा रकाना त्या फॉर्ममध्ये नव्हता.

तिघांपैकी एकजण वीस मिनिटांत वर आला. धावत आला. त्याला फोन हवा होता.

त्याच संध्याकाळी दरवाजे उचलले. वस्तीतली सगळी माणसं शाळेत नेली, तिथे ती अकरा दिवस राहिली. तलाव चार मीटर खाली आणला. भिंतीच्या सहाव्या भागात एका सांध्यातला चुना धुऊन गेला होता, हात जाईल इतकी पोकळी होती. मी त्या धावत आलेल्या अभियंत्याला विचारलं, “आणखी किती दिवस टिकलं असतं?”

“नाही सांगता येत,” तो म्हणाला. “कदाचित दहा वर्षं. कदाचित शुक्रवारपर्यंत.”

मला त्याचं उत्तर आवडलं.

पाटणकर साहेबांची बदली झाली. पदोन्नती राहिली. त्यांना जो तालुका मिळाला तिथे नदी नव्हती, तलाव नव्हता, पाऊस नावापुरता होता. निघायच्या दिवशी मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. ते काचेखालची कुंडली सोडवून घेत होते.

“बघा मिस रेंदाळकर,” ते अगदी प्रसन्नपणे म्हणाले. “गुरुजींनी सांगितलंच होतं. पाण्यापासून घात. मी किती टाळलं! तरी झालाच.”

“साहेब, सात तारखेला तुम्ही सही केली असती तर काहीच झालं नसतं.”

“तर दुसऱ्या कुठल्या पाण्याने झालं असतं. होणारं चुकत नाही. आता नवीन जागी पाणीच नाही. सुटलो म्हणायचं. तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही फक्त निमित्त.”

“मी निमित्त नव्हते. मी ती वाक्यं मुद्दाम सांगितली.”

साहेबांनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

“तुम्हाला तसं वाटणारच,” ते म्हणाले. “तुमची जन्मवेळ काय?”

मी सांगितली नाही. आज सव्वीस वर्षांनीही त्या प्रश्नाचा राग येतो.

माझ्या बाबतीतला कागद डिसेंबरात आला. गळतीचं प्रकरण मिटलं होतं. शिक्का असलेल्या संहितेत शासकीय कर्मचाऱ्याने फेरफार केल्याचं प्रकरण मात्र खुलं होतं, आणि खुलं प्रकरण बंद करावं लागतं. सकाळी सव्वाआठला शिंत्रे भाऊसाहेब स्वतः प्रयोगशाळेत आले. बरोबर कुलथेही होते.

“छापील फॉर्म आहे बाई. एकच ओळ भरायची.”

मी वाचलं. ‘सदर फेरफार माझ्याकडून हेतुपुरस्सर / अनवधानाने झाला. (लागू नसेल ते खोडावे.)’

“पहिलं ठेवलं तर?”

“तर परिवीक्षा आजच संपते.”

“वसुधाताई, सोपं आहे,” कुलथे म्हणाले. “दोन वह्या, एकच पुठ्ठा. अंधारात अदलाबदल झाली. चौकशी अधिकारी स्वतःच म्हणाले, असंच झालं असणार. दुसरं काही त्यांच्या डोक्यात येतच नाही.”

“पण तसं झालं नाही.”

“अहो, पण तसं झालं असतं तरी हेच झालं असतं ना?”

मी पेन उघडलं. माझ्या आधी या जागेवर चार वर्षं कुणी नव्हतं, आणि त्या चार वर्षांच्या नोंदी मी पाहिल्या होत्या. रोज आठ सेंटिमीटर. सुट्टीच्या दिवशीसुद्धा, पुढच्या आठवड्याच्यासुद्धा.

आयुष्यात एकच गोष्ट मी कुणी न सांगता, पूर्ण शुद्धीत, स्वतःची म्हणून केली होती. ती माझी आहे हे जगाला सांगायची हीच एक ओळ होती. सरकारी कागदावर, कायमची.

दारात कोकरे बॅटरी घेऊन उभे होते. “ताई, साडेआठ होत आलं. उतरायचं न्हवं?”

“हो. आलेच.”

मी टेबलावरची पट्टी घेतली, ओळीवर नीट बसवली आणि ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द एका सरळ रेघेत खोडला.